सुमीचा कोटफ्ल्यूगल

आमच्या घरात संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी शब्द आणावा लागे. भाजी आणावी, रॉकेल आणावं, तसाच शब्द आणायचा. बाबा धाड गावच्या शाळेत मास्तर होते आणि शब्दांचं त्यांना भलतंच वेड होतं. वंदना झाली की ते सतरंजीवर मांडी घालून बसत, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसत आणि विचारत, "चला, आज कुणी काय आणलं?" मग दिवसभरात कानावर पडलेला एखादा शब्द पुढे ठेवायचा आणि त्याचं घराणं सांगायचं, म्हणजे तो कुठून आला, कुणाचा कोण. आपल्याला घराणं नाही सांगता आलं तर बाबा सांगत. त्यांनाही नाही आलं तर तो शब्द आमच्याकडे मुक्कामाला राही. चांगला शब्द आणणाऱ्याला बाबांच्या उजव्या हाताला बसून जेवायला मिळे. आता या खेळात गडी किती, तर मी एकटी. माय म्हणायची, "मले भाकरीशिवाय दुसरा शब्द येत नाई, मास्तर, अन् तिचं घरानं चुलीत हाय." अशोक तेव्हा रांगत होता. त्यामुळे उजव्या हाताची जागा माझीच होती, आणि ती दुसऱ्या कुणाची असू शकते हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बादली आणि चावी ही पोर्तुगीज माणसांनी समुद्रावरून आणली, दुकान आणि लगाम मुसलमानी मुलखातून चालत आले, हे मी आमच्या मातीच्या घरात बसून शिकले. समोरून बुलढाण्याकडे जाणारी एस्टी वळणावर घरघरायची, पलीकडे पिठाच्या गिरणीचं टुकटुक चालू असायचं, आणि आत आम्ही दोघं बापलेक एखाद्या शब्दाची आजी शोधत बसलेलो असू. माय ताटं घेऊन उभी राहून राहून वैतागायची.

दीक्षा घेतल्यापासून बाबा पाली शिकत होते. औरंगाबादला त्यांचे एक सर होते, तिथल्या कॉलेजात पाली शिकवत. सरांनी एक वाचनमाला दिली होती, ती बाबा मला घेऊन वाचत. एक वाक्य त्यांनी वाचायचं, एक मी. सर दर उन्हाळ्यात आपल्या घरी मुलांचा एक पाली वर्ग घेत. महिनाभर तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं. प्रत्येक शिक्षकानं एकच मूल आणायचं, कारण त्यांच्या घरात जागा तेवढीच. बाबांनी मला कबूल केलं होतं की सातवीचा उन्हाळा आला की तुला नेईन. मी तो उन्हाळा वर्षभर आधीच जगून घेतला होता. एस्टीत बाबांच्या शेजारी खिडकीपाशी बसायचं, औरंगाबाद बघायचं, सरांच्या पुढ्यात घडाघडा पाली वाचायची. मैत्रिणींना सांगून सांगून त्यांचे कान किटवले होते.

बाबांचा आणखी एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात घाण शब्दाला बंदी होती. शिवी तर दूरच, पण अशोकनं चादर भरवली तरी "बाहेर गेला" असंच म्हणायचं. बाबा लहान असताना त्यांच्या वडलांना गावातली माणसं कोणत्या शब्दांनी हाक मारत ते त्यांनी ऐकलं होतं. त्यातला एकही शब्द आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एरवी शांत माणूस, पण एकदा पाहुण्या आलेल्या चुलत काकाच्या तोंडून असला एक शब्द निघाला, तर बाबांनी त्याला ताटावरून उठवला नाही एवढंच. तीन घास तो कसेबसे गिळून गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

आणि मग सुमी आली. सुमी म्हणजे माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून वर्षानं मोठी. आतोबा तिकडे ओरिसात एका पोलादाच्या कारखान्यावर जर्मन साहेबांची मोटार चालवत. आत्या तिथंच तापानं गेली. पोरीला एकटी ठेवायची कुठं, म्हणून आतोबांनी तिला तिच्या मामाकडे, म्हणजे आमच्याकडे आणून सोडलं. दिवाळी झाली होती आणि कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. एक पत्र्याची पेटी, दोन लांब वेण्या, आणि ओठ असे आवळलेले की काही सांडायला नको. मला खरोखर तिची दया आली होती. मी तिला माझी गोधडी दिली, माझ्या अंगणातली पेरूची फांदी दाखवली. माय दुपारी तिच्या डोक्याला तेल लावत बसली आणि आमच्या घराच्या रीतीभाती सांगत राहिली. मामाले असं चालत नाई, मामाले तसं चालत नाई, अन् घान शब्द तं बिलकुल नाई, बाई. सुमी नुसतं "हाव मामी" म्हणत होती. मी मनात म्हटलं, बिचारी, शब्दाच्या वेळेला हिची काय फजिती होणार! तिला एखादा सोपा शब्द आधीच शिकवून ठेवावा, असंसुद्धा माझ्या मनात आलं होतं. इतकी मी चांगली होते, फक्त संध्याकाळपर्यंत.

वंदना झाली. बाबांनी चष्मा पुसला. मी 'पगार' आणला होता, त्याचं पोर्तुगीज घराणं पाठ करून. बाबा म्हणाले, "आज पाहुणीचा मान. सुमन, बेटा, येताना वाटेत एखादा शब्द सापडला का?" सुमी म्हणाली, "कोटफ्ल्यूगल."

"काय?"

"कोटफ्ल्यूगल, मामा. मोटारीच्या चाकावर तो वाकडा पत्रा असते ना, मडगार्ड, त्याले जर्मन लोक असं म्हन्तेत. माह्या बाबानं सांगतलं. गाडी धुताना ते मले एकेका पार्टाचं नाव सांगत."

बाबा पुढे सरकले. "बरं. मग फोड करून सांग."

"फ्ल्यूगल म्हंजे पंख. पाखराचा असते तो. उडनं या शब्दावरून आला म्हने."

"आणि कोट?"

"कोट म्हंजे..." तिनं मान खाली घातली. "चिखल."

बाबांनी मांडीवर अशी थाप मारली की अशोक दचकून रडायला लागला. "चिखलपंख! अरे वा रे वा! ऐकलं का गं? इंग्रजानं त्या पत्र्याला चिखलाचा पहारेकरी केला, दांडकं हातात देऊन उभा केला. आणि या लोकांनी त्याला पंख दिले!" बाबा एरवी घरात पुस्तकातली भाषा बोलत, पण फार खूश झाले की त्यांचीही जीभ घसरे. "काय पोट्टी हाय बे ही!" ते मायला म्हणाले. आणि सुमीला हाताला धरून त्यांनी आपल्या उजव्या बाजूला बसवलं. माझा 'पगार' माझ्या तोंडातच राहिला. त्या रात्री तुरीच्या दाण्यांची भाजी होती, मला फार आवडायची. मी भाकरीचे तुकडे केले आणि नुसते ताटात हलवत बसले. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

माणसाला मत्सर नेमका कुठं होतो हे मला विचारा. लोक म्हणतात छातीत, कुणी म्हणतं पोटात. मला तो कानात व्हायचा. बाबा "सुमन" म्हणत तेव्हा त्या 'म'वर ते थोडे थांबत, आणि ते थांबणं मला गरम तेल घातल्यासारखं लागे. मला ते घाईत "ए, पाणी आण" म्हणत. आता नातू म्हणतो, "आजी, तुझ्या वयात एवढं काय धरून बसायचं?" बेटा, तू एकुलता एक आहेस, तुला काय कळणार?

त्यानंतर रोज संध्याकाळी मोटार आमच्या सतरंजीवर उतरायला लागली, एकेक भाग सुटा होऊन. एक दिवस प्लग आला, त्याला जर्मनीत पेटवायची मेणबत्ती म्हणतात. एक दिवस धूर सोडणारी नळी आली. बाबा दरवेळी हसत, वा म्हणत, आणि मग शेवटी पुन्हा त्या पहिल्या शब्दावर येत. "पंखाचं घराणं कळलं, सुमन. पण कोटाचं? तो चिखल कुठला? त्याची आजी कोण?" सुमी म्हणायची, "ठाऊक नाई, मामा." बाबा म्हणायचे, "असू दे. राहू दे त्याला मुक्कामाला." इतके दिवस मुक्कामाला राहिलेला दुसरा शब्द आमच्या घरात नव्हता. मला त्या शब्दाचा इतका संताप आला होता की एस्टी दारावरून गेली तरी मी तिच्या चाकांकडे बघत नसे.

बाजाराच्या दिवशी तर कहर झाला. बाबा आम्हा दोघींना घेऊन निघाले. सुमीचा हात त्यांच्या हातात, आणि मागं पिशवी घेऊन मी. स्टँडपाशी एक जीप उभी होती, टपावर माणसं, आत माणसं, मागं लटकलेली माणसं. बाबा थांबले आणि त्या जीपवाल्याला मडगार्डवर बोट ठेवून सांगायला लागले की दादा, या पत्र्याला जर्मनीत पंख म्हणतात. जीपवाला तंबाखू मळत होता. त्यानं एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "मास्तर," तो म्हणाला, "पंख हाय तं उडत काऊन नाई मंग हे? काल बैल जुपून वढत आनली म्या हिले नाल्यातून." सगळा स्टँड हसला. बाबाही हसले, सुमीही हसली. मी मात्र हसले नाही. मला वाटलं, बरं झालं, जिरली. पण बाबांना त्यात काही जिरल्यासारखं वाटलंच नव्हतं. उलट घरी येऊन त्यांनी मायला तो किस्सा दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा म्हणाले, "सुमनमुळे आज मजा आली." पिशवी कुणी उचलली ते नाही सांगितलं.

बरं, सुमी वाईट असती तरी मी सुटले असते. पण ती वाईट नव्हती. ती पहाटे उठून सडा टाकायची, अशोकला कडेवर घेऊन फिरायची, माझी वेणी घालून द्यायची आणि ती माझ्यापेक्षा नीट घालायची. भाकरी थापायला आठ दिवसांत शिकली, आणि माय शेजारणीला म्हणाली, "नंदेची पोरगी हाय, पर हात पाय कसा चालते तिचा!" माझी भाकरी तव्यावर टाकताना अजून फाटायची. म्हणजे बाबा गेले ते गेले, मायही चालली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि मला तिच्यावर रागवायला एक चांगलं कारण सापडायचं नाही. फेब्रुवारीत एक दिवस मी बाबांना सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, औरंगाबादला जायचं आहे ना आपल्याला?" बाबा म्हणाले, "सर यायचे आहेत बुलढाण्याला कार्यक्रमासाठी. जाताना आपल्याकडे जेवायला थांबतील. ते दोघींना बघतील, मग ठरवू कुणाला न्यायचं ते."

दोघींना! मी मागच्या अंगणात गेले, पेरूच्या झाडाला टेकले आणि रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं की पालीत ही सुमी माझ्या पायाशीसुद्धा येता कामा नये. ती रोज एक-दोन ओळी वाचत होती, मी पानंच्या पानं वाचायला लागले. मिरच्या राखायला घराच्या धाब्यावर पाठवलं की वाचनमाला घेऊन जायची. त्यात एक धडा होता जो बाबांनी "हा नंतर" म्हणून ओलांडला होता. मी तोच आधी उघडला. त्यात एक शब्द वरचेवर यायचा, गूथ. मागच्या शब्दसूचीत त्याचा अर्थ दिला होता 'विष्ठा'. आता विष्ठा म्हणजे काय, मला काय माहीत! खाली येऊन मायला विचारलं. मायनं आधी दाराकडे पाहिलं, बाबा नाहीत ना याची खात्री केली, आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अवं, गू," ती कानाशी येऊन म्हणाली. "नुसता गू. अन् एवढ्या मोठ्या पुस्तकात?" आम्ही दोघी चुलीपाशी बसून हसत राहिलो. त्या सबंध हिवाळ्यात मायबरोबर मी तेवढीच एकदा सुखानं हसले असेन, कारण तेव्हा सुमी पाण्याला गेली होती.

सर आले ते चैत्रात. आदल्या दिवशी माय, सुमी आणि मी सरगुंडे करायला बसलो होतो. कणकेची बारीक दोरी करून ती सरकांड्याच्या काडीवर गुंडाळायची, सुकली की अलगद काढायची, मग उकडून आंब्याच्या रसात बुडवून खायची. जावयासाठी करायचा पदार्थ हा, पण मायच्या लेखी सर जावयाहून मोठे. माझे सरगुंडे काडीवरून निघताना तुटत होते. सुमीचे मात्र सळसळ निघून सुपात पडत होते. मी माझे तुटके तिच्या ढिगात सारले आणि तिनं ते पाहिलं. पाहून आपले दोन चांगले माझ्याकडे सरकवले. यानं तर मी आणखीनच पेटले.

सर उंच, काळेसावळे, हातात कापडी पिशवी, आवाज भरदार. जेवले पोटभर, रस मागून घेतला. मग सतरंजीवर टेकून बसले आणि आम्हा दोघींकडे वळले. मी वाचून दाखवलं. "छान," म्हणाले. सुमीनंही चार ओळी वाचल्या, अडखळत. मला वाटलं, झालं, जिंकले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "सर, या मुलीकडे एक शब्द आहे." सुमीनं तो शब्द सांगितला. सर एकदम सरळ बसले.

"कोटफ्ल्यूगल! कुठं, धाडमध्ये?" ते म्हणाले. "मास्तर, मला पालीपायी जर्मन शिकावं लागलं. जुनी कोशाची कामं त्यांनीच केली ना. बाळ, फोड कर बघू."

"फ्ल्यूगल म्हंजे पंख," सुमी म्हणाली. "कोट म्हंजे चिखल."

"आज चिखल म्हणतात, बरोबर. पण हा शब्द जुना आहे, मोटारी नव्हत्या तेव्हापासूनचा. विचार करा, तेव्हा रस्त्यावर कोण चालायचं? घोडे, बैल. मग चाकाखालून उडायचं ते काय नुसती ओली माती? आणि गंमत अशी की त्या कोटाचा एक नातलग आपल्या पालीत आहे. त्या भाषा आणि आपल्या भाषा फार मागं एकाच घरातल्या. 'ग'नं सुरू होणारा शब्द. कोण सांगतं?"

सुमीचे ओठ पहिल्या दिवशीसारखे आवळलेले. बाबा तिच्याकडेच बघत होते. माझ्याकडे नाही, तिच्याकडे! मी तिथं बसलेली, हाडामांसाची, त्यांची लेक, आणि ते श्वास धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या कानात ते गरम तेल पुन्हा उतरलं. मी ओरडले, "गूथ!"

"शाबास! म्हणजे काय?"

मी बाबांकडे पाहिलं. मला बंदी आठवली, काकाचं ताट आठवलं. पण त्या घटकेला मला कशाचीच पर्वा नव्हती. "म्हणजे गू!" मी म्हणाले, आणि चांगली मोठ्यानं म्हणाले. स्वयंपाकघरात मायच्या हातातून वाटी पडली. बाबांचा चेहरा दगडासारखा झाला.

सर मात्र मागं रेलून खदखदा हसले. "अगदी बरोबर! जर्मनांचा कोट, पालीतला गूथ आणि आपला मराठीतला गू, एकाच आजीची नातवंडं. मास्तर, तुमच्या या पोरीनं शब्दाला मुळापाशी जाऊन धरलं." बाबा सावकाश म्हणाले, "सर, ज्या शब्दानं माझ्या बापाला हाक मारायचे तो शब्द मी घरात येऊ दिला नाही. आणि हे साहेब लोक त्याच्या सख्ख्या भावाला पंख लावून मोटारीवर मिरवतात." एवढं बोलून तेही हसले, हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "या वर्षी हिलाच आणा."

मी नाचायची तेवढी बाकी राहिले. सुमीनं टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी उजव्या हाताची जागा माझी होती, आणि मी मुद्दाम इतकी हळू जेवले की ताटातलं सगळं थंड झालं.

निघायच्या दिवशी सुमी स्टँडपर्यंत आली. तिनंच पहाटे उठून आमच्या भाकऱ्या केल्या होत्या, ठेचा वाटला होता. बाबा कंडक्टरशी बोलायला गेले तेव्हा ती माझ्या पिशवीचा बंद नीट करत म्हणाली, "मले ठाऊक होतं वं."

"काय ठाऊक होतं?"

"कोट म्हंजे काय ते. बाबानं सांगतलं होतं, अन् आमी दोघं लय हासलो होतो. माय पन."

"मग बोलली काऊन नाई?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू अशोकएवढी आहे. "तुले जमते," ती म्हणाली. "तुह्या बापाचं घर हाय. तू काई बी बोलली तं ते घटकाभर चिडतीन, मंग हासतीन. म्या पयल्याच दिवशी तसा शब्द काढला असता, अन् मामानं म्हटलं असतं जाय, तं म्या कुठं गेली असती?" बाबांनी हाक मारली, एस्टीचं इंजिन सुरू झालं, सुमी मागं सरकली. मी चढले. खिडकीची जागा मिळाली, अगदी मनातल्यासारखी.

गाव मागं पडलं तेव्हा बाबांनी विचारलं, "सुमन काय म्हणत होती?" मी खरं ते सांगून टाकलं. त्यात थोडा आनंदही होता, का नाकारू? मला वाटलं, आता तरी बाबांना कळेल की त्यांच्या लाडक्या भाचीनं त्यांच्यापासून चोरून ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, "मला अंदाज होता."

"कसला?"

"अगं, चिखल म्हणताना कोणी मान खाली घालतं का? चिखलाची कुणाला लाज वाटते? अर्थ नव्हता मला ठाऊक, पण लेकरू काहीतरी गिळून बसलं आहे एवढं पहिल्याच दिवशी दिसलं. म्हणून तर रोज तोच शब्द काढत होतो मी. म्हटलं, एक दिवस बोलेल. ज्या दिवशी माझा नियम मोडून ती तोंड उघडेल, त्या दिवशी हे घर तिचं झालं असं समजू." त्यांनी बाहेर पाहिलं. नांगरून ठेवलेली काळी रानं मागं चालली होती. "सर आले त्या दिवशीसुद्धा मला वाटलं, आता बोलते, आता बोलते. नाही बोलली."

म्हणजे दिवाळीपासून चैत्रापर्यंत हा माणूस रोज संध्याकाळी एका पोरीची वाट बघत बसला होता, आणि ती पोरगी मी नव्हते. मी नियम मोडला तेव्हा त्यांनी माझ्यावर रागवायचंसुद्धा मनावर घेतलं नाही, कारण घर माझंच होतं, ते मला कुणी द्यायचं नव्हतं. हे सुख आहे हे मला आज कळतं. सुमी आता नाशकात असते. फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं मामाचं ते बोलणं माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. पण त्या दिवशी मी बारा वर्षांची होते, माझी वाट कुणी कधी बघितली नव्हती, आणि हव्या त्या जागेवर, हव्या त्या माणसाच्या शेजारी बसून माझा जीव असा जळत होता की भोकरदन येईपर्यंत मी बाबांशी बोलले नाही.